फुकटचा सोर्स आणि दाजीबुवांची कॅसेट

दुकानात दोन गोष्टी आपोआप साठतात. एक धूळ आणि दुसरे किस्से. धुळीला रोज सकाळी झाडू तरी लागतो, किस्से मात्र कोपऱ्यात बसून वाढतच राहतात! परवा जुन्या मंडळींतलं कोणीतरी बाजारात भेटलं, चहा झाला, आणि एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा असे ते निघत गेले. म्हटलं, आता लिहूनच काढूया.

एक आधीच सांगते. यातला प्रत्येक माणूस संशयी आहे, मी धरून! आमच्या किनाऱ्यावर कोणी "कसा काय, बरा मा?" असं विचारलं, की उत्तर द्यायच्या आधी मनात येतं, ह्याला नक्की काय पाहिजे?

तर मालवणच्या बाजारात विजूमामांचं कॅसेट सेंटर होतं. कॅसेटचे दिवस संपत आले होते आणि सीडीचे सुरू झाले होते. लोक दशावताराच्या, भजनाच्या जुन्या कॅसेट घेऊन यायचे. आम्ही त्या कॉम्प्युटरवर उतरवायचो आणि सीडी काढून द्यायचो. आम्ही म्हणजे तिघं. मालक विजूमामा, त्यांचा भाचा दिगू, जो कोल्हापुरात कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून आला होता, आणि काउंटरवर मी, शालन. चौथे दाजीबुवा. ते मालक नव्हते, नोकर नव्हते, धड गिऱ्हाईकही नव्हते. पण त्यांच्या पायीच हे सगळं झालं.

* * *

दाजीबुवा धामापूरचे. डबलबारी भजनातलं मोठं नाव. दोन बुवा आपापली मंडळी घेऊन समोरासमोर बसतात आणि पेटीवर एकमेकांना सवाल-जवाब करतात, ती डबलबारी. पुढे बुवांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज. मुळात माणूस संशयी, त्यात देवानं बोलायला कुजबुजच शिल्लक ठेवली, आता काय म्हणावं!

पहिल्या दिवशी दुकानात आले ते आधी मागे वळून रस्त्याकडे बघत. मग दुकानाचं अर्धं दार स्वतःच ओढून घेतलं आणि शर्टाच्या आतून रुमालात गुंडाळलेली कॅसेट काढली. फोंडाघाटच्या गोविंदबुवांशी एका जत्रेत त्यांची बारी झाली होती, तिचं ते रेकॉर्डिंग. बुवांच्या मते आपण आयुष्यात सगळ्यात चांगलं गायलो ते त्या दिवशी. पण पहिल्यापासून शेवटपर्यंत जनरेटरची घरघर! गाणं होतं, पण त्या घरघरीखाली गाडलेलं.

"तो जनरेटर गोविंदान मुद्दाम माझ्या बाजूक ठेवूक लावल्यान," बुवा कुजबुजले. "माझो आवाज लोकांका ऐकाक येवचो नाय म्हणान."

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. एकाच्या गावात दुसऱ्याचं नाव घ्यायची सोय नव्हती.

"घरघर तेवढी काढून दी गो बाय," बुवा मला म्हणाले. "माका माझो आवाज ऐकाचो आसा. एकदा."

मी कॅसेट घ्यायला हात पुढे केला. बुवांनी ती पटकन परत शर्टात घातली!

"हातात दिवचंय नाय. तुम्ही कॉपी काढशात आणि बाजारात इकशात."

शेवटी बुवांनी स्वतःच कॅसेट टेपमध्ये घातली, स्वतःच बटण दाबलं आणि ती कॉम्प्युटरवर उतरेपर्यंत टेपच्या झाकणावर बोट ठेवून बसून राहिले. काढताना ते बोट झाकणात अडकलं. तर म्हणतात, "बघलास? तुमचो टेपसुद्धा सोडना नाय!"

* * *

घरघर काढणारं सॉफ्टवेअर दिगूनं नेटवर शोधून काढलं. जगभरच्या लोकांनी मिळून केलेलं, कोणीही घ्यावं, फुकट. एवढंच नाही, ते आतून कसं लिहिलंय तो सोर्ससुद्धा सगळ्यांना उघडा!

विजूमामांचा चेहराच बदलला. "फुकट?"

"होय मामानू, फुकट."

"गळाक लावलेला सुंगट पण माशाक फुकटच गावता!"

पुढची अडचण अशी, की त्याची तयार आवृत्ती आमच्या जुन्या विंडोजवर उघडली की लगेच मिटायची. म्हणजे सोर्स आणून आपल्या मशीनवर आपणच बिल्ड करायला हवं. मामांना समजावं म्हणून दिगूनं सोपं करून सांगितलं, "तयार वडे गावनत नाय, मामानू. वड्याच्या पिठाचा प्रमाण गावता. दळूचा आपण, तळूचे आपण."

"आणि जाता?"

"ता पण आपणच बसवूचा."

ते जातं म्हणजे कंपायलर, त्याच्या जोडीची हत्यारं आणि कसल्या कसल्या लायब्ऱ्या. हे सगळं विंडोजवर आणून बसवायचं आणि कोण कुठल्या फोल्डरमध्ये राहतो ते एकमेकांना कळवायचं, ह्याला दिगू 'एन्व्हायर्नमेंट लावणं' म्हणायचा. मामांना जात्याचं काही वाटलं नाही. त्यांचा जीव अडकला तो प्रमाणात. "प्रमाण सगळ्या गावाक सांगतत, मगे तेंचो धंदो कसो चलता?"

मामांचं मला पटलं होतं. आमची आई बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं किती घालते ते सख्ख्या बहिणीला सांगत नाही. हे कुठले कोण परदेशातले, आपल्याला सगळं सांगताहेत, ते का?

* * *

ही हत्यारं उतरवून घ्यायची ती टेलिफोनच्या लायनीवरून. दुकानाच्या मागेच मामांचं घर, आणि लाइन एकच. दिगू दुपारभर डाउनलोड लावून बसायचा, आणि जरा कुठे अर्ध्यावर आलं की तुटायचं. परत पहिल्यापासून! दिगू टेलिफोनवाल्यांना शिव्या द्यायचा. मला वाटायचं, बुवा म्हणतात तसं गोविंदबुवाच काहीतरी करतायत.

मग एक दिवस मामी मासे साफ करता करता हसत सुटली, तेव्हा कळलं. मामांना संशय होता, की दिगू एवढा वेळ फोन अडकवून ठेवतो म्हणजे कोल्हापुरात कोणीतरी मुलगी आहे! म्हणून ते दर थोड्या वेळानं घरातला रिसीव्हर हळूच उचलायचे आणि कान लावायचे. पलीकडे मोडेमचं 'कुर्रर्र किंईई'. उचलला की लाइन तुटायची.

मामा चिडून मामीला म्हणाले होते, "कोण चेडू आसा ता? बोलणा नाय, नुसता किंचाळता!"

मामी म्हणाली, "मगे आपल्या घराक शोभतला."

* * *

कॅसेट कॉम्प्युटरमध्ये उतरल्यापासून बुवांना झोप नव्हती. कॅसेट शर्टात सुखरूप, पण आतली ती फाइल? ती तर दुकानातच राहत होती! जाता जाता कोणी उघडली तर?

बुवांनी आमचं काम नीट बघून ठेवलं होतं. दिगू माऊस फिरवतो, टिचकी मारतो, की फाइल उघडते. म्हणजे किल्ली ती हीच! त्या दिवसापासून निघताना ते माऊस काढून, वायर गुंडाळून पिशवीत घालायचे आणि एस.टी.नं धामापूरला घेऊन जायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आणायचे.

दिगूला काही फरक पडत नव्हता, कारण त्याचं सगळं काम पडद्यावरच्या काळ्या खिडकीत, कीबोर्डवर हुकूम टाइप करून चालायचं. पण बाकीची गिऱ्हाइकं होती ना! मामांनी गुपचूप दुसरा माऊस आणला. दुपारची धामापूरची गाडी आली, की तो ड्रॉवरमध्ये लपवायचा, हे काम माझं.

एकदा मी विसरले. बुवा आत आले आणि बघतात तर टेबलावर माऊस! त्यांनी पिशवीत हात घालून आपला चाचपून बघितला. तो होता. मग टेबलावरच्याकडे बराच वेळ बघत बसले. मी बिलबुक उघडून उगाच पानं उलटायला लागले.

जाताना बुवा दोन्ही घेऊन गेले!

* * *

एन्व्हायर्नमेंट कशीबशी लागली. आता बिल्डची पहिली पायरी. दिगूनं काळ्या खिडकीत काहीतरी टाइप केलं आणि पांढऱ्या ओळी धावायला लागल्या. बुवा शेजारी खुर्ची ओढून बसलेले.

"काय इचारता तो?"

दिगू वाचून सांगायला लागला. "इचारता, कंपायलर आसा काय? आसा. चलता काय? चलता. खराच चलता काय, ता करून बघता."

"आणि आता?"

"आता बघता, हयसरला वातावरण शाणा आसा काय."

खरंच तशी ओळ येते हो! इंग्रजीत येते, पण अर्थ तोच. काम सुरू करायच्या आधी तो प्रोग्राम स्वतःच विचारतो, की इथे सगळे ताळ्यावर आहेत ना. बुवांचा चेहरा असा खुलला, की दुकानात यायला लागल्यापासून तसा मी कधी बघितला नव्हता. इतक्या वर्षांनी त्यांना आपल्या जातकुळीतलं कोणीतरी भेटलं होतं!

"बरो माणूस आसा ह्यो. सगळा इचारता, मगे कामाक हात लावता." मग दिगूच्या कानाशी वाकून कुजबुजले, "तेका हळूच इचार. गोविंदाक वळाखता काय?"

* * *

मामांचा नियम, की कुठलाही नवा कागद श्रीशिवाय सुरू होता कामा नये. बिल असो, सीडीचं कव्हर असो, नाहीतर गॅसवाल्याला दिलेली चिठ्ठी असो. वर मधोमध श्री, दोन्हीकडे दोन दोन दांड्या.

एक दिवस दिगू कसल्याशा दाखल्यासाठी ओरोसला गेला होता. कॉम्प्युटर चालूच होता, समोर फाइल उघडी होती. बिल्ड कसं करायचं त्याच्या सगळ्या सूचना ज्या फाइलमध्ये असतात, ती ही. मामांनी बघितलं, एवढी लांबलचक फाइल आणि वर देवाचं नाव नाही! मामांनी एका बोटानं, इंग्रजी अक्षरांत, दांड्यांसकट श्री घातला आणि सेव्ह केलं.

दिगू परत आला. बिल्ड चालवतो तर काय, पहिल्याच ओळीवर अडतंय आणि सरळ सांगतंय, मला हे कळत नाही, मी थांबलो! दिगूनं ती फाइल वरपासून खालपर्यंत चाळली. पुन्हा चाळली. सकाळी चालत होतं, मग आता काय झालं? मला म्हणाला, "शालू, माझ्या मागे कोणी तरी हात लावल्यान."

मामा म्हणाले, "मी नाय." आणि ते अगदी खरं बोलत होते. श्री घालणं म्हणजे हात लावणं, असं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

गंमत म्हणजे चूक पहिल्या ओळीत, डोळ्यांसमोर, आणि दिगूला दिसत नव्हती! आपल्याकडे कागद वाचायला सुरुवात होते ती श्रीच्या खालून. श्री कोण वाचतं? मी स्वतः त्या ओळीवरून कितीदा बोट फिरवलं, आणि शेवटी मलाच शंका आली, की परदेशातल्या माणसानं फाइलवर श्री कशाला लिहिला असेल?

दिगू पुसायला गेला, तशी मामा ओरडले, "श्री पुसूचो नाय! पुसशीत तर दुकानात पाय ठेवू नको."

आता आली का पंचाईत! बिल्ड हवं तर श्री नको, दुकान हवं तर श्री हवा. दिगूनं डोकं खाजवलं आणि श्रीच्या आधी ते चौकटीसारखं हॅशचं चिन्ह टाकलं. तसं केलं, की प्रोग्राम ती ओळ सोडून पुढे जातो. मामांनी चष्मा लावून बघितलं. "ह्या काय? देवाच्या तोंडार जाळी?"

दिगू म्हणाला, "मच्छरदाणी आसा ती, मामानू."

* * *

पहिली तयार फाइल जन्माला आली, तेव्हा आम्ही पेढे आणायच्या बेतात होतो. तेवढ्यात खाली कोपऱ्यात लाल चौकोन उगवला. अँटिव्हायरस! हा प्रोग्राम अनोळखी आहे, संशयास्पद आहे, म्हणून काढून टाकला आहे, असं सांगून गप्प. इतक्या दिवसांचं पोर आणि बारशाच्या दिवशीच चोर म्हणून धरलं! दिगूच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

तो अँटिव्हायरस मामांनीच कुणाकडून तरी आणून घातला होता. दिगू त्याला बंद करायला गेला, तर मामांनी त्याचा हात धरला.

"तेका ओरडू नको! इतक्या वर्सांत पयल्यांदाच काय तरी धरल्यान हा."

* * *

अँटिव्हायरसची समजूत घातली, तर नव्या एरर. एक गेली की दुसरी. शेवटी मामा म्हणाले, हे माणसाच्या हातचं नाही, गाऱ्हाणं घालूया. कुठलंही काम सुरू करताना देवाला सगळं मोठ्यानं सांगायचं आणि बाकीच्यांनी हो म्हणायचं, ते गाऱ्हाणं. मामांनी नारळ आणला, तो मॉनिटरसमोर ठेवला आणि हात जोडून उभे राहिले.

"बा देवा महाराजा! तुझ्या ह्या लेकरान मशीनीर जा काम मांडल्यान हा, ता तडीक ने रे महाराजा!"

"होय महाराजा!" आम्ही सगळे.

"खंयची फाइल खंय चुकली-माकली आसात, ती जाग्यार आणून बसव रे महाराजा!"

"होय महाराजा!"

"कोणाचो वाकडो डोळो ह्या कामार पडलो आसात, तो बाजूक सार रे महाराजा!"

"गोविंदाचा नाव घे," बुवा मागून कुजबुजले.

दिगूनं एन्टर दाबलं. ओळी धावल्या. खूप वेळ धावल्या. आम्ही श्वास रोखून उभे. आणि मग थांबल्या. कसलीशी एक लायब्ररी सापडत नव्हती.

दिगूनं कपाळाला हात लावला. मामा मात्र शांत होते. म्हणाले, "हिचा नाव मी गाऱ्हाण्यात घेऊक नाय. देव तरी काय करतलो?"

दुसऱ्या दिवशी परत नारळ. ह्या खेपेला मामांनी दिगूकडून एकेका लायब्ररीचं इंग्रजी नाव विचारून घेतलं आणि देवाला खणखणीत आवाजात ऐकवलं. आम्ही प्रत्येक नावाला "होय महाराजा" म्हटलं. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती.

विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू, ती एरर परत आली नाही. दुसरी आली!

* * *

आणि एका दुपारी ते झालं. कसं झालं ते दिगूलाही नीट सांगता येत नव्हतं. प्रोग्राम उघडला आणि उघडाच राहिला. मामांनी दुकानाचं दार लावून घेतलं. बुवा खुर्चीच्या कडेवर बसले होते.

दिगूनं सांगितलं, की आधी ह्याला नुसती घरघर ऐकवायची, जिथे कोणी गात नाही असा तुकडा. मग सांगायचं, ही जिथे जिथे असेल तिथून काढ.

"म्हणजे आधी चोर दाखवचो," बुवा म्हणाले. "बराबर."

दिगूनं तुकडा दाखवला. मशीन बराच वेळ कुरकुरत राहिलं. मग त्यानं प्ले केलं.

मी बुवांना कधी गाताना ऐकलं नव्हतं. मला माहीत होती ती फक्त कुजबुज. स्पीकरमधून जो आवाज आला, तो ऐकून माझ्या अंगावर काटा आला. असा भरलेला, असा सरळ वर चढणारा! मामांनी डोळे मिटले. बुवांची बोटं काउंटरवर पेटी वाजवत होती आणि ओठ हलत होते. त्यातून आवाज येत नव्हता. मला तिकडे बघवेना.

अभंग संपला. टाळ थांबले, पखवाज थांबला. कॅसेटमध्ये ह्या जागी एरवी नुसता जनरेटर ऐकू यायचा. आता तिथे शांतता होती. आणि त्या शांततेत, दुसऱ्या कुठल्यातरी माईकजवळ, कोणीतरी अगदी हळू बोललं.

"व्वा, दाजी. व्वा."

समोर बसलेल्या गोविंदबुवांचा माईक चालूच राहिला होता. तो घोगरा आवाज अख्ख्या जिल्ह्यात ओळखीचा, विचारायची गरजच नव्हती.

"परत लाव," बुवा म्हणाले.

दिगूनं परत लावलं. मग आणखी एकदा. बुवा स्पीकरला कान लावून ऐकत होते. मग ताठ बसले आणि आम्हां तिघांकडे आळीपाळीनं बघितलं.

"ह्या तुम्ही घातलास."

"देवाशपथ नाय, बुवानू!" दिगू म्हणाला. "ता आतच होता."

"फुकटच्या सॉफ्टवेराचो काय भरवसो? काय पण बोलतला."

बुवा उठले. छत्री घेतली, चपला घातल्या, दारापर्यंत गेले. तिथे थांबले. पाठ आमच्याकडेच होती.

"शालू, दोन सीडी काढ गो. एक माका."

"आणि दुसऱ्येर कोणाचा नाव घालू, बुवानू?"

बुवांनी दार किंचित उघडून आधी रस्त्यावर दोन्ही बाजूंना बघून घेतलं.

"नाव घालू नको," ते कुजबुजले. "फोंडाघाटच्या गाडीत ड्रायव्हराकडे दी."